शाळा बुडवणारी ४६ मुलं, ४४ वरून ७८ टक्के हजेरी: हे आमच्यामुळे झालं असं म्हणता येईल का?

पूर्वभागातली:

नमस्कार. शाळेत शिकवलेलं, संस्थेत काम केलेलं किंवा नुसतीच आकडेमोड आवडणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही सहा जणी सोलापूरच्या पूर्व भागात एक उपक्रम चालवतो. संस्था म्हणावं एवढं काही नाही. भाड्याची एक खोली, दोन स्कुट्या आणि कुणीतरी दान दिलेली एक पेटी, जी आमच्यातल्या एकीलाही वाजवता येत नाही. जवळच्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर काम करतो. शाळेचं नाव घेत नाही, त्यांनी आम्हाला वर्गात येऊ दिलं हेच खूप. मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू, शाळेत मराठी. बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात, वडील टॉवेल-चादरीच्या कारखान्यात.

गेल्या ऑगस्टच्या शेवटी आम्ही जुलैचं हजेरीपत्रक घेऊन बसलो आणि ज्यांची हजेरी साठ टक्क्यांच्या खाली होती अशी ४६ मुलं वेगळी काढली. त्यांची जुलैची सरासरी ४४ टक्के, म्हणजे २६ दिवसांपैकी साडेअकरा. सप्टेंबरपासून काम सुरू केलं. सलग दोन दिवस मूल आलं नाही की तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक जण घरी जाते. शनिवारी शाळा सुटल्यावर खो-खो आणि कॅरम. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर पदक आणि कंपासपेटी.

फेब्रुवारीची सरासरी निघाली ७८ टक्के. २३ पैकी १८ दिवस. आम्ही खोलीत पेढे वाटले.

आता ज्यांनी पैसे दिले त्यांचं पत्र आलंय. हा बदल तुमच्या कामामुळेच झाला हे दाखवा, तर पुढच्या वर्षी तीन शाळांचा विचार करू, असं. मी दोन उभे खांब काढून तक्ता केला, एक बुटका आणि एक उंच. आत्येभाऊ पुण्याला असतो, त्याला पाठवला तर म्हणतो, "अक्का, हा पुरावा नाही, ही रांगोळी आहे." तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

मला मनापासून वाटतं की फरक पडलाय. ऑक्टोबरात सातवीतल्या एका मुलीच्या घरी गेले होते. ती उंबऱ्याशी बसून तेंदूची पानं कापत होती. भिजवून मऊ केलेलं पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि कडेकडेने कात्री फिरवायची. माझ्याशी बोलताना तिने एकदाही हाताकडे पाहिलं नाही, इतकी सवय. आई म्हणाली, हजारावर मजुरी असते ताई, पानं कापलेली मिळाली तर माझी संध्याकाळ लवकर होते. ती मुलगी आता रोज शाळेत येते. पण ही एक झाली. बाकी ४५ जणांचं काय? आणि आम्ही त्या दारात गेलोच नसतो तर काय झालं असतं, हे कुणाला कसं सांगायचं?


आकडेमोड:

ताई, आत्येभावाचं बोलणं लागलं असेल, पण तो चुकलेला नाही. मी मूळचा साखर पेठेतला, सध्या पुण्यात, पोट आकड्यांवरच आहे.

तुमची गोची निवडीत आहे. मुलं निवडली ती त्यांचा जुलै वाईट गेला म्हणून. आता जुलै वाईट जायला दोन कारणं असू शकतात. एक तर ते मूल मुळातच बुट्टी मारणारं. नाहीतर त्याचा तो जुलैच तसा गेला: आजीबरोबर आषाढीला पंढरपूरला गेलं, टायफॉइड झाला, घरात बहिणीचं बाळंतपण निघालं. ही दुसऱ्या प्रकारची मुलं तुम्ही बोटही उचललं नसतं तरी परत आली असती. सगळ्यात वाईट महिना पाहून मुलं निवडली की पुढचे महिने बरे दिसणारच. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ताप अगदी चढल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, दुसऱ्या दिवशी तो उतरतो, आणि नाव गोळीचं होतं.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. ऑगस्टची हजेरी काढा. तेव्हा तुमचं काम सुरूच झालं नव्हतं. त्याच ४६ मुलांची हजेरी ऑगस्टमध्येच चढली असेल, तर तेवढा भाग तुमचा नाही, जुलै संपल्याचा आहे.

त्याहून चांगलं म्हणजे मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक मागून घ्या, शाळेच्या कपाटात असणारच. त्यातूनही हाच नियम लावून, जुलैत साठच्या खाली, मुलं वेगळी काढा आणि त्यांचा त्या वर्षीचा फेब्रुवारी बघा. त्या वर्षी तुम्ही नव्हता, पदक नव्हतं, कॅरम नव्हता. त्यांची हजेरी आपसूक जेवढी वाढली तेवढी यंदाच्या वाढीतून वजा करा. उरेल ते तुमचं. तेही अंदाजाने, कारण दोन वर्षं कधी सारखी नसतात.

एक बरं केलंत, मोजमापासाठी जानेवारी धरला नाही. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा: नंदीध्वज, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम आणि मग गड्डा, म्हणजे जत्रा. कुणी पहिलं माप गड्ड्याच्या महिन्यात घेतलं आणि दुसरं फेब्रुवारीत, तर घरी झोपून राहिलं तरी उपक्रम यशस्वी होईल. तुमच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्याच्या आगेमागे तेच. ऑगस्टचा आकडा बघताना हे डोक्यात ठेवा.

आणि मोठ्या आकड्याची हाव धरू नका. दांडी मारणाऱ्या मुलांसाठीच्या उपक्रमांच्या २८ अभ्यासांचा एक आढावा २०१२ साली निघाला, त्यातले बहुतेक अमेरिकेतले. सरासरी सुधारणा होती मुलामागे पावणेपाच दिवसांच्या आसपास. शाळेने चालवलेला, कोर्टाने चालवलेला की वस्तीतल्या संस्थेने, यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. एकाच वेळी चार गोष्टी करणारे उपक्रम एकच गोष्ट करणाऱ्यांपेक्षा सरसही ठरले नाहीत. हे वाचल्यावर मला ३४ टक्क्यांची उडी पाहून आनंदाआधी शंका येते, रागवू नका.


जुना_गुरुजी:

चौतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. वरच्या साहेबांचं गणित पक्कं आहे, पण ते हजेरीपत्रकाला ब्रह्मवाक्य धरून बोलतायत. ते पत्रक लिहितं कोण, ते आधी बघा.

माझंच सांगतो. निवृत्त झालोय, आता नोटीस येत नाही. माझ्या वर्गात एक पोरगा होता. प्रार्थनेला यायचा, हजेरीला "हजर गुरुजी" म्हणायचा आणि पाणी प्यायला म्हणून निघायचा तो थेट कंबर तलावावर. मला माहीत होतं. मी त्याची हजेरी लावायचो. नंतर नंतर तो आला नाही तरी लावायचो. कारण पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, आणि आमच्यात सगळ्यात नवीन होता तो नुकतंच लग्न झालेला. एका पोराच्या खाड्यापेक्षा एका माणसाची बदली मला जड वाटली. चुकलं का? चुकलंच.

१९९५ ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं, महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट होती. त्या वर्षांतलं माझं पत्रक कुणी उघडलं तर एक मौज दिसेल: ७८ टक्क्यांचं पोर औषधाला सापडणार नाही, ८१ वाल्यांची मात्र रांग. तांदूळ न्यायला आलेल्या बाईला दोन दिवसांसाठी परत पाठवायची छाती माझ्यात नव्हती. म्हणून सांगतो, हजेरीला काही जोडलं, मग ते तांदूळ असो, पदक असो की मुलींचा तो दिवसाला १ रुपयाचा उपस्थिती भत्ता, की लेखणी हलकी होते. मुलांची हजेरी वाढली की मास्तरांचा हात सैल झाला, हे पत्रक सांगत नाही. सरकारलाही ते ठाऊक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती, एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. पोरं खूश, आम्ही घामाघूम.

तेव्हा ताई, पत्रक बाजूला ठेवा आणि डोकी मोजा. केव्हा मोजायची तेही सांगतो: खिचडी झाल्यावर. हजेरी सकाळी होते, पळापळ मधल्या सुट्टीनंतर. ताट धुतलं, दप्तर भिंतीपलीकडे टाकलं, मागोमाग स्वतः. तुमच्यातली कुणी मोजू नका, पोरं तुम्हाला ओळखतात. स्कुटी दिसली की पळालेला परत येईल. तिऱ्हाइताने जायचं, वार बदलून, आधी न कळवता. मुख्याध्यापकांची परवानगी तेवढी आधी घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा फाटकातून आत सोडणार नाहीत. आणि तुमची ४६ मोजाल तशीच त्या वर्गातली बाकीचीही मोजा. पत्रकातला आणि बाकावरचा फरक दोन्हीकडे सारखा निघाला तर ती शाळेची सवय आहे. तुमच्याच पोरांत जास्त निघाला तर तुमच्या पदकाचा परिणाम आहे.

शेवटचं विचारतो. ४६ पैकी फेब्रुवारीत पटावर किती होती? खोडलेल्या नावाचा खाडा कुठे लागत नाही. जी सगळ्यात जास्त बुडवतात तीच आधी गळतात, आणि ती गळाली की सरासरी फुगते. माझ्या वर्गाचा सगळ्यात छान महिना तो होता ज्यात चार जण भिवंडीला गेले.


करमाळ्याची_बाई:

गुरुजींनी खोडलेल्या नावांचं लिहिलं, आमच्याकडे उलटं आहे. दिवाळीनंतर शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या बहुतेक. फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि आठवड्याभरात वर्गात आठ-दहा नवी पोरं. गाडी जिथे जाईल तिथे ती जाणार, म्हणजे आमची हजेरी नोव्हेंबरपासून खाली. कुणी आमच्या शाळेत जुलै ते फेब्रुवारी मोजलं तर आम्ही नापास. सोलापूर शहर आणि करमाळा एका मापाने मोजू नका एवढंच.

पण मला लिहायचंय ते पदकाबद्दल. मीही हे केलंय. एका डिसेंबरात मनात आलं म्हणून सहामाहीत नियमित आलेल्या अकरा पोरांना अचानक प्रमाणपत्रं दिली, लॅमिनेट करून. पुढच्या महिन्यात त्यातलीच तीन-चार हक्काने सुट्ट्या घेऊ लागली. एक तर मला म्हणाला, "बाई, माझी जास्त झालीय ना हजेरी?" तेव्हा हसले. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियात १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलंय. काहींना आधी सांगितलं की अमुक महिनाभर आलात तर बक्षीस, काहींना न सांगता मागच्या हजेरीबद्दल बक्षीस, काहींना काहीच नाही. आधी सांगितलेल्यांत फरक पडला नाही, आणि अचानक बक्षीस मिळालेल्यांची हजेरी पुढच्या महिन्यात घसरली. आपण इतरांपेक्षा जास्तच येतो हे त्यांना त्या बक्षिसातूनच कळलं, असा तिथल्या अभ्यासकांचा तर्क. माझ्या लॅमिनेशनचं रहस्य तिथे उलगडलं.

उलट एक साधी गोष्ट चालली ती फिलाडेल्फियात. २८ हजारांहून जास्त घरांवर करून पाहिलं. काही पालकांना चिठ्ठी पाठवून कळवलं की तुमच्या मुलाचे वर्षात इतके खाडे झालेत, काहींना काहीच पाठवलं नाही. चिठ्ठी गेलेल्या घरांतली सततची गैरहजेरी दहा टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त कमी झाली. कारण आईबापांचा हिशोब कायम कमी असतो. आपल्याकडे विचारून बघा, "असतील चार-दोन दिवस" म्हणतात आणि पत्रकात सतरा असतात. तुमच्याकडे तर हे तेलुगूत, कन्नडात, उर्दूत लिहून देणारी माणसं गल्लीत आहेत. पदकाच्या खर्चात वर्षभराच्या चिठ्ठ्या होतील.

आणि मुलांची दांडी मोजताय तर मास्तरांचीही मोजा. मी मास्तरीण आहे म्हणून बोलू शकते. उदयपूरजवळ एका संस्थेने एकशिक्षकी शाळांत मास्तरांना कॅमेरे दिले, तारीख-वेळ उमटणारे. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसह फोटो काढायचा, पगार त्यावर. मास्तरांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. बंद दाराला दोनदा डोकं आपटून आलेलं पोर तिसऱ्यांदा कशाला येईल?


टॉवेलवाला:

मी पालक आहे. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. सकाळी घरी येतो तेव्हा पोरगं दप्तर घेऊन निघालेलं असतंय. ते शाळेत पोचलालंय का कोपऱ्यावरून वळलालंय, मला काय माहीत. एकदा दुपारी चौकात दिसलं. म्हटलं काय करलालास बे इथं? म्हणतंय, सर नाहीत. खरं होतं, सर नव्हते. करमाळ्याच्या बाई बरोबर बोलल्या.

पण तुम्ही सगळे वार आणि महिने मोजलालाव, पाणी कोण मोजणार? आमच्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो. बायको विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, मी झोपलेला. पाणी सोडलं की पोरगी घरी. हौद, पिंपं, घागरी, वरच्या म्हाताऱ्या शेजारणीचंही. त्या दिवशी तिला शाळेत पाठवा म्हणून कुणी दारात आलं तर मी त्यालाच घागर देईन. रागानं नाही बोलत, खरं ते सांगितलं.


पूर्वभागातली:

आठ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांनी सांगितलेलं करून पाहिलं. क्रमाने नाही सांगत, जे लागलं ते आधी सांगते.

ती पानं कापणारी मुलगी. तिची हजेरी काढली. ऑगस्टमध्ये ती जवळजवळ रोज आलेली, सप्टेंबरातही. तिचा जुलै गेला होता आजोळी. आणि ऑक्टोबरात मी गेले तेव्हा तिच्या आईचा हात भाजलेला होता, ते मला आता विचारल्यावर कळलं. हात बरा झाला आणि मुलगी शाळेत आली. माझी भेट आणि ते बरं होणं एकाच आठवड्यात आलं, एवढंच. अहवालाच्या पहिल्या पानावर तिची गोष्ट होती. काढून टाकली.

आता आकडे. ४६ मुलांचा ऑगस्ट ६३ टक्के. म्हणजे ३४ पैकी १९ टक्के आम्ही दारात पाऊल टाकण्याआधीच वाढले होते. नारळी पौर्णिमा धरूनही. पेढे आठवले.

गुरुजी, फेब्रुवारीत पटावर ४३ होती. तिघांची नावं कमी झाली होती आणि माझे ७८ टक्के त्या ४३ चेच निघाले. तिघांचे शून्य धरले तर ७३. (त्यातला एक भिवंडीलाच गेलाय, तिथे शाळेत जातही असेल. पण माझ्याकडे तसा कागद नाही, म्हणून शून्य.) मागच्या वर्षी त्याच नियमाने ३९ मुलं निघाली. त्यांचा जुलै ४५, आणि गळालेल्या पाच जणांचे शून्य धरून फेब्रुवारी ६२. म्हणजे आमच्याशिवाय १७ ची वाढ, आमच्यासह २९ ची. फरक १२. तेवीस दिवसांच्या महिन्यात पावणेतीन दिवस.

३४ वरून १२ वर आल्यावर आधी रडू आलं, मग आकडेमोडदादांनी सांगितलेला तो पावणेपाच दिवसांचा आढावा परत वाचला आणि जरा बरं वाटलं. आमचे हे दिवस महिन्यातले आहेत, आणि एकाच महिन्यातले. बाकीचे महिने मी अजून काढलेले नाहीत.

टॉवेलवाले दादा, तुमचं वाचून आमच्या भागातल्या चावीवाल्याला गाठलं. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडलं ते त्याच्या वहीत असतं. फेब्रुवारीत त्या गल्ल्यांत शाळेच्या वेळेत पाणी आलं असे पाच दिवस निघाले. यादीतल्या मुलींच्या त्या महिन्यातल्या खाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास खाडे याच पाच दिवसांतले. मुलग्यांचं तसं काही दिसत नाही, त्यांचे खाडे सगळीकडे विखुरलेले. आणि आमचा नियम काय? सलग दोन दिवस आलं नाही तर घरी जायचं. पाण्यासाठी राहिलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. म्हणजे आम्ही सहा महिने या मुलींच्या दारावरून स्कुटी घेऊन गेलो आणि त्या आमच्या नियमात कधी आल्याच नाहीत. पदकही त्यांना मिळणं शक्य नव्हतं. महिनाभर एकही खाडा नाही, ही अट मुलग्यालाच झेपणारी होती. सहा महिन्यांत दिलेली पदकं मोजली: ३१. त्यातली मुलींना ४.

डोकी मोजायचं काम अर्धवट आहे. मैत्रिणीचा भाऊ दोनदा खिचडीनंतर जाऊन आला. आमच्या मुलांपैकी सकाळी पत्रकात ३४, बाकावर २७. दुसऱ्यांदा ३५ आणि ३०. बाकीची मुलं त्याने मोजलीच नाहीत, वर्गात गोंधळ झाला म्हणे. त्यामुळे ही शाळेची सवय की आमचा प्रताप, ते अजून लटकलेलं आहे.

पैसे देणाऱ्यांना काय लिहू? बारा टक्के, पावणेतीन दिवस आणि पाण्याची गोष्ट लिहिली तर ते पळून जातील का?


आकडेमोड:

पळाले तर पळू द्यात, पण मला नाही वाटत. ३४ चा तक्ता त्यांनी रोज दहा पाहिले असतील. कुणी स्वतःच्या हाताने १२ वर आणून दाखवला असेल असं वाटत नाही.

पुढच्या वर्षीचं मात्र आत्ताच ठरवा. तीन शाळांना पैसे मिळाले तर तीन शाळा निवडून सुरू करू नका. तयार असलेल्या सहा शाळा गोळा करा आणि जूनमध्ये सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. निघतील त्या तीन यंदा, उरलेल्या तीन पुढच्या जूनला. कुणाला नाही म्हणायचं नाही, फक्त पाळी लावायची. केनियात जंताच्या गोळ्यांचं असंच केलं होतं: ७५ शाळा, २५-२५ चे तीन गट, पहिल्यांना १९९८ ला, दुसऱ्यांना १९९९ ला, तिसऱ्यांना २००१ ला. ज्यांची पाळी यायची होती त्या शाळांशी तुलना करून कळलं की गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने कमी झाली. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत, तेही त्यांनी लिहिलं. पुढे २०१५ ला दुसऱ्यांनी तेच आकडे घेऊन भांडण काढलं, पण भांडता आलं ते आकडे उघडे होते म्हणूनच.

चिठ्ठ्या शाळांच्याच टाका, मुलांच्या नको. एका वर्गातली निम्मी पोरं खो-खोला नेली तर उरलेली काय घरी बसणार आहेत? तीही येतील, आणि तुलनेला कोणी उरणार नाही. सहा शाळा थोड्याच आहेत, छातीठोक काही सांगता येणार नाही, पण दोन खांबांच्या तक्त्यापेक्षा लाख पटीने बरं. आणि नियम बदला: सलग दोन नव्हे, महिन्यात कोणतेही तीन खाडे.


जुना_गुरुजी:

चिठ्ठ्या टाकताना शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना बोलवा आणि चिठ्ठी एखाद्या पोरीच्या हाताने काढा. आपल्याकडे बंद खोलीत काढलेल्या चिठ्ठीवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

डोकी मोजायला मी येतो. मला पोरं ओळखत नाहीत, आणि गोंधळ झाला तर वर्ग कसा गप्प करायचा ते अजून विसरलेलो नाही. दोन्ही मोजू, तुमची आणि बाकीची. पत्ता तेवढा खाजगी निरोपात पाठवा.


पूर्वभागातली:

गुरुजी, पाया पडते. गुरुवारी जमेल का? खिचडी दीडला संपते.


जुना_गुरुजी:

गुरुवारी आमच्याकडे पाणी आहे. शुक्रवारी येतो.